धर्माचे उसने बळ



मुस्लिम देशांतील धर्मांधता आणि राजकारण हा विषय निघाला की आपली दृष्टी सहजच इराण, पाकिस्तान, ईजिप्त अशा दूरच्या देशांकडे वळते. मी ज्या गावाहून आलो आहे त्या दुसरबीडच्या लोकांना मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. आमचा सिंदखेडराजा तालुका संपला की जालना जिल्हा लागतो. ही हद्द आज केवळ दोन जिल्ह्यांमधील आहे. १९४८ पर्यंत ती दोन राजवटींमधील होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. त्या मुलखास आमच्याकडील जुनी माणसे ‘मोगलाई’ म्हणत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी अलीकडे स्वातंत्र्याचा ध्वज लागला. पलीकडच्या खेड्यांना त्यासाठी आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. त्या तेरा महिन्यांत जे घडले, त्यात आजच्या विषयाचे मर्म आहे.

१९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लक्ष होती. तीत दर आठ माणसांमागे साधारणपणे एक मुसलमान होता. गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान होते. ते स्वतः धर्मवेडे होते असे म्हणता येणार नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेस त्यांनी देणगी दिली, आणि तेथील अतिथिगृहास आजही निजामांचे नाव आहे. तेव्हा प्रश्न असा की, अशा राजाच्या राज्यात रझाकारांसारखी संघटना माजली कशी?

याचे उत्तर राजाच्या श्रद्धेत नसून त्याच्या अडचणीत आहे. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होऊन जबाबदार राज्यपद्धतीची मागणी पुढे आली. लोकांस कारभारात वाटा द्यावा तर सत्ता हातची जाते. न द्यावा तर दुसरा आधार हवा. दरबाराने स्टेट काँग्रेसवर बंदी घातली आणि १९२७ साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संस्थेस मोकळे रान दिले. बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने शिकविले की, संस्थानचे राजेपण मुसलमान समाजाकडे आहे, आणि निजाम हे त्याचे केवळ प्रतीक होत. निजामांस हा सिद्धांत प्रथम सोयीचा वाटला असावा. परंतु त्यातील काटा पाहा. समाज हाच राजा ठरला, तर गादीवरील राजा त्याचा सेवक ठरतो. आणि समाजाच्या नावाने बोलणारा जो कोणी सर्वांत मोठ्याने ओरडेल, तो राजाचाही धनी होतो.

तसेच घडले. १९४६ साली लातूरचे वकील कासीम रझवी या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि रझाकारांचे सशस्त्र दल वाढू लागले. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारत सरकारशी ‘जैसे थे’ कराराची बोलणी पुरी होत आली होती. तो करार घेऊन शिष्टमंडळ दिल्लीस निघणार, तोच जमावाने रात्री पंतप्रधान छत्तारीचे नवाब आदींच्या घरांस वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. छत्तारींनी राजीनामा दिला व मीर लायक अली पंतप्रधान झाले. पुढे खेड्यांतून लुटालूट, जाळपोळ व खून होऊ लागले, आणि सरहद्दीवरची कित्येक कुटुंबे घरदार सोडून वऱ्हाडात आली.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या धर्मांधतेस विरोध करणारे मुसलमानही होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पक्ष उघडपणे मांडला. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात रात्री घरी परतताना त्यांचा खून करण्यात आला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस संस्थान शरण आले. २३ तारखेस निजामांनी स्वतः रेडिओवरून सांगितले की, एका लहानशा टोळीने हिटलरी पद्धतीने सत्ता बळकावून आपणास असहाय करून सोडले होते. ज्या टोळीचे बळ दरबाराने वाढू दिले, तिच्याविरुद्ध राजाने अशी तक्रार करावी, याहून बोलका पुरावा कोणता?

परंतु झळ राजाला लागली नाही. निजाम १९५६ पर्यंत राजप्रमुख राहिले. रझवी शिक्षा भोगून १९५७ साली पाकिस्तानात गेले. आधी रझाकारांचे भक्ष्य झाला तो सामान्य रयतेतील माणूस. मागाहून सूडाचे भक्ष्य झाला तोही सामान्यच. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तसेच नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील बळींचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आहे. मराठवाड्याच्या मुक्तीचा आनंद मानताना हे पानही आपण वाचले पाहिजे.

आता दूरच्या देशांकडे पाहू. पाकिस्तानात झुल्फिकार अली भुट्टो हे समाजवादाची भाषा बोलणारे पुढारी. तरी त्यांच्याच अमदानीत १९७४ साली अहमदिया पंथास घटनेने गैरमुस्लिम ठरविले. १९७७ साली निवडणुकीवरून आंदोलन पेटले, तेव्हा त्यांनी मद्यबंदी व शुक्रवारची सुट्टी जाहीर केली. त्याच जुलैत जनरल झिया यांनी त्यांना पदच्युत केले आणि १९७९ साली ते फासावर गेले. ईजिप्तमध्ये अन्वर सादात यांनी डाव्या विरोधकांस शह देण्यासाठी धर्मवादी गटांस मोकळीक दिली, आणि १९८० साली शरियतचे तत्त्व हा कायद्याचा मुख्य आधार ठरविला. इस्राएलशी केलेल्या तहाने संतापलेल्या धर्मवादी सैनिकांनीच ६ ऑक्टोबर १९८१ रोजी त्यांचा वध केला.

देश निराळे, काळ निराळा; पण हिशेब एकच. ज्या सत्तेस लोकसंमतीचा आधार पुरत नाही, ती धर्माचे बळ उसने घेते. हे कर्ज देणारा सावकार व्याजात समाधान मानीत नाही. तो अखेर घरच मागतो. हा नियम एखाद्या धर्मापुरताच लागू आहे असे समजण्याचे कारण नाही.

म्हणून राज्यकर्ता धर्माच्या नावाने हाक देऊ लागला की, तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर टाळीत आहे, हे नागरिकाने प्रथम विचारावे. हैदराबादेत टाळलेला प्रश्न साधा होता: कारभारात रयतेचा वाटा किती? तो वेळीच ऐकला गेला असता, तर आमच्या हद्दीपलीकडची कित्येक घरे, हिंदूंची आणि मुसलमानांची, नांदती राहिली असती.