कारागिरांचे देव, कारागिरांचे संत

ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि इथूनच त्याचे काम सुरू झाले. खंडेनवमीला तिथल्या एखाद्या मशीनशॉपमध्ये डोकावा. लेथ बंद, बेड कॉटन वेस्टने लख्ख पुसलेला, हेडस्टॉकवर कुंकवाचे स्वस्तिक आणि झेंडूचा हार. ताटात व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने. मूर्ती असेलच असे नाही, कारण पूजा थेट हत्याराची.

पण त्याआधी, 17 सप्टेंबरला, शेजारच्याच शेडमध्ये विश्वकर्म्याची पूजा होऊन गेलेली असते. उत्तर भारतीय कामगारांच्या तसबिरीत तो पांढऱ्या दाढीचा, बंगाल्यांकडे हत्तीवर बसलेला तरुण. ही तारीख कन्या संक्रांतीची, सूर्याच्या हिशेबाची, म्हणून फारशी हलत नाही. केंद्र सरकारनेही 2023 मध्ये अठरा व्यवसायांसाठीची विश्वकर्मा योजना याच दिवशी सुरू केली. आपल्याकडच्या सुतार-लोहार-पांचाळांची विश्वकर्मा जयंती मात्र माघ शुद्ध त्रयोदशीला. परंपरेने विश्वकर्म्याचे पाच पुत्र: मनूकडे लोखंड, मयाकडे लाकूड, त्वष्ट्याकडे तांबे-कासे, शिल्पीकडे दगड, दैवज्ञाकडे सोने. त्वष्टा कासार आणि दैवज्ञ सोनार आपली नावे तिथूनच सांगतात. कासारांची कुलदेवता पुन्हा वेगळी, ती कालिका.

माघातली ती त्रयोदशी गेली की पौर्णिमेला चर्मकारांच्या संत रोहिदासांची जयंती आणि वद्य तृतीयेला नरहरी सोनारांची पुण्यतिथी. खरे तर माघ हाच कारागिरांचा महिना म्हणायला हवा, पण दिनदर्शिकेत हे सहा दिवस आपण सरळ ओलांडून जातो.

नरहरींची कथा धातुकाम करणाऱ्याला विशेष कळावी अशी आहे. पंढरपुरात राहून हा कट्टर शिवभक्त विठ्ठलाचे तोंड पाहत नसे. एका सावकाराने देवासाठी सोन्याचा करदोडा घडवायला दिला. मापावर केलेला करदोडा कधी सैल, कधी आखूड. अखेर डोळ्यांना पट्टी बांधून नरहरी स्वतः माप घ्यायला गेले, तर हाताला साप नि व्याघ्रांबर लागले. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. कथेचा अर्थ कीर्तनकार हरिहर ऐक्याकडे नेतात आणि ते योग्यच. मला त्यातली माप चुकल्याची लाज अधिक भावते. बोटांवर विसंबणाऱ्या माणसाला देव शेवटी बोटांनीच सापडला. तेरच्या गोरोबांनीही संतमंडळींची परीक्षा घेतली ती थापटण्याने, मडके तपासावे तशी, आणि नामदेव कच्चे ठरले.

युरोपातही धंद्यांना संत वाटून दिलेले आहेत. सोनारांचे आणि लोहारांचे संत एलिजियस सातव्या शतकात खरोखरच सोनार होते, पुढे बिशप झाले. उलट खाणकामगारांच्या बार्बराने कधी कुदळ धरली नव्हती. तिला मारणाऱ्या बापावर वीज कोसळली, म्हणून सुरुंग आणि तोफांशी झगडणाऱ्यांनी तिला आपलेसे केले. वारकऱ्यांकडे अशी नेमणूक सहसा होत नाही. सावता अरणला मळा शिंपत होते, सेना हजामतच करत होते; संत झाले म्हणून कोणी धंदा सोडला नाही.

भिवंडीच्या पद्मनगरात तेलुगू पद्मशाली विणकर मार्कंडेय ऋषींना मूळपुरुष मानतात, तेव्हा यंत्रमागालाही वंशावळ आहेच. प्रश्न उरतो तो ज्यांच्या हाती ना छिन्नी ना कात्री अशा कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदारांचा. त्यांनी तो केव्हाच सोडवला आहे. दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून आदल्या कामाच्या दिवशीच नेहमीच्या लोकलचा डबा सजवायचा, तोरणे बांधायची, आरती म्हणायची, मोटरमनला हार घालायचा आणि ठाणे येण्याआधी पेढे वाटून मोकळे व्हायचे, कारण तिथून पुढे गर्दीत हात वर काढता येत नाही.