आभासी मैदानावरचे नवखे पहारेकरी

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेत एक आगळा सोहळा रंगतो. सामना नसतो, चेंडूही कुणाच्या हाती नसतो. तरीही तीन दिवस लाखो प्रेक्षक दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडून बसतात. व्यासपीठावरून एकामागून एक नावे पुकारली जातात आणि महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांचे भवितव्य ठरते. हा ‘एनएफएल’चा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट.

या सोहळ्याची प्रतिकृती संगणकावर वर्षभर सुरू असते. तेथे संघमालक खरे असतात. संघ, सामने आणि पुष्कळदा खेळाडूही काल्पनिक असतात. अशा आभासी लीगमध्ये मालकांना हमखास कोड्यात टाकणारी एक जागा आहे, ती ‘सेफ्टी’ या बचावपटूची. नवखा सेफ्टी घ्यावा की नाही, घ्यावा तर कितव्या फेरीत, या प्रश्नावर मालक तासन् तास खल करतात. वरवर हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. परंतु माणसाची पारख आकड्यांनी कितपत करता येते, हा त्यामागचा प्रश्न मुळीच पोरकट नाही.

पुस्तकातल्या क्रिकेटची पुढची पायरी

शाळेच्या मागच्या बाकावर पाठ्यपुस्तकाची पाने उलटून क्रिकेट खेळलेल्या पिढीला या खेळाचे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. पान उघडायचे, पृष्ठक्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आले की गडी बाद. या खेळात एकच उणीव होती. सलामीचा फलंदाज आणि अकरावा फलंदाज यांना शतकाची संधी अगदी सारखीच असे.

ही उणीव अमेरिकेत हॅल रिचमन या गणिताच्या विद्यार्थ्याने दूर केली. ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या नावाने त्याने १९६१ मध्ये बेसबॉलचा पत्ते-फाशांचा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूच्या नावाचा पत्ता आणि त्या पत्त्यावर त्याच्या खऱ्या कामगिरीवरून काढलेल्या शक्यता, अशी त्याची रचना होती. फासे तेच, पण चांगल्या खेळाडूच्या पत्त्यावर यशाची घरे अधिक. १९६८ मध्ये त्याच धर्तीवर अमेरिकन फुटबॉलचा खेळ आला. पुढे फाशांची जागा संगणकाने घेतली. १९९८ मध्ये आलेल्या ‘फ्रंट ऑफिस फुटबॉल’सारख्या खेळात तर पडद्यावर धावणारे खेळाडूच नव्हते, होते ते केवळ तक्ते, आकडे आणि व्यवस्थापकाचे निर्णय.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ‘फँटसी’ खेळात गुण मिळतात ते खऱ्या सामन्यांतील कामगिरीवरून. सिम्युलेटेड लीगमध्ये सामनाच संगणक खेळतो. वेगवेगळ्या शहरांत बसलेले मालक आपापली व्यूहरचना लीगच्या आयुक्ताकडे पाठवतात. ठरलेल्या दिवशी प्रणाली सामने चालवते आणि निकाल सर्वांच्या हाती पडतात. प्रत्येक चालीच्या वेळी आक्रमणाची योजना, बचावाची मांडणी आणि संबंधित खेळाडूंचे गुणांक यांचा हिशेब होतो; त्यात योगायोगाचा एक अंश मिसळला जातो आणि चेंडू कुठे पडला ते ठरते.

लिलाव नव्हे, पाळी

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकांना ड्राफ्टची पद्धत थोडी उलटी वाटेल. लिलावात ज्याची थैली मोठी, त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याची पाळी पहिली. दुबळ्या संघांना वर येण्याची संधी मिळावी आणि लीग चुरशीची राहावी, हा त्यामागचा हेतू. एनएफएलचा पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला. त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वांगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. निवड आणि यश यांचा संबंध किती सैल असतो, याची ही पहिल्याच दिवशी मिळालेली खूण म्हणायला हरकत नाही.

आज ३२ संघ ७ फेऱ्यांत खेळाडू निवडतात. आभासी लीगही बहुधा हाच साचा उचलतात. पहिल्या फेरीतील पाळी म्हणजे मालकाची सर्वांत मोठी पुंजी. ती क्वार्टरबॅकवर खर्चायची, त्याच्यावर चाल करून जाणाऱ्या बचावपटूवर खर्चायची की मागे उभ्या राहणाऱ्या सेफ्टीवर, हा कळीचा मुद्दा ठरतो.

शेवटचा पहारा

बचाव करणाऱ्या ११ खेळाडूंत साधारणपणे दोन सेफ्टी असतात. बाकीची फळी पुढे झुंजत असताना हे दोघे मागे थांबतात. ‘फ्री सेफ्टी’ सर्वांत खोलवर उभा राहून प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकचे डोळे आणि खांदे वाचतो, तो चेंडू कुठे फेकणार याचा अदमास घेतो. ‘स्ट्राँग सेफ्टी’ थोडा पुढे सरकून चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवतो. पुढच्या फळीची चूक हे दोघे सावरतात. यांची चूक सावरायला मात्र मागे कुणी नसते. तेथे चूक झाली की टचडाऊन ठरलेलाच.

या जागेची गोम अशी की, उत्तम सेफ्टीचे काम नोंदवहीत उतरत नाही. तो योग्य जागी उभा आहे हे पाहून क्वार्टरबॅक त्या बाजूला चेंडूच फेकत नाही. न फेकलेल्या चेंडूची नोंद कुठे करणार? क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखेच हे आहे. त्याने दिवसभर अडवलेले चेंडू कुणाच्या लक्षात राहत नाहीत, सुटलेला एक झेल मात्र सर्वांना आठवतो. उलट, एखाद्या सेफ्टीच्या नावावर भरमसाट टॅकल दिसले तर ते त्याचे कौतुक असेलच असे नाही. पुढची फळी वारंवार फुटत असल्याचीही ती निशाणी असू शकते.

दोन आकडे, एक अंदाज

आभासी लीगमधील नवख्या खेळाडूला सामान्यतः दोन प्रकारचे गुणांक असतात. एक आजच्या कौशल्याचा, दुसरा भावी क्षमतेचा. समजा, एका सेफ्टीची आजची पातळी १०० पैकी ४० आणि क्षमता ८० दाखवली आहे. दुसऱ्याची आजची पातळी ५५ आणि क्षमता ६२. कुणाला घ्यावे? दुसरा पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. पण त्याची झेप तेवढीच. पहिला तीन वर्षांनी संघाचा कणा होईल किंवा कधीच होणार नाही.

पेच इतकाच असता तर सोपे होते. अनेक खेळांत मालकाला दिसणारा आकडा खरा नसतोच. तो त्याच्या निरीक्षकाचा अंदाज असतो आणि खरा आकडा प्रणालीच्या पोटात दडलेला असतो. एकाच खेळाडूविषयी दोन संघांना दोन वेगळे आकडे दिसू शकतात. निरीक्षक जितका चांगला, तितका अंदाज खऱ्याच्या जवळ.

वेळेचाही प्रश्न आहे. एनएफएलमध्ये २०११ च्या करारापासून ड्राफ्टमध्ये निवडलेल्या नवख्यांचे करार ४ वर्षांचे असतात. पहिल्या फेरीतील खेळाडूला आणखी एक वर्ष ठेवून घेण्याची मुभा संघाला असते. आभासी लीगमध्ये हाच नियम असला तर ४० वरून ८० वर जायला तीन हंगाम घेणारा सेफ्टी मालकाला स्वस्तात जेमतेम एक हंगाम लाभतो. त्यानंतर त्याचा बाजारभाव चढतो. म्हणूनच मुरलेले मालक सेफ्टीसाठी पहिली फेरी सहसा खर्चत नाहीत. ते मधल्या फेऱ्यांची वाट पाहतात, टॅकलपेक्षा चेंडूचा माग काढण्याच्या गुणांकाला महत्त्व देतात आणि एकाऐवजी दोन नवखे घेऊन जोखीम वाटून टाकतात.

वास्तवाची साक्ष

खऱ्या लीगचा अनुभवही याहून फारसा वेगळा नाही. २०२१, २०२३ आणि २०२४ या तिन्ही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत एकही सेफ्टी निवडला गेला नाही. आणि उशिरा निवडलेला सेफ्टी कमअस्सल असतो, असेही नाही. २०१० मध्ये सिॲटलच्या संघाने अर्ल थॉमसला १४ व्या, तर कॅम चॅन्सलरला थेट पाचव्या फेरीत १३३ व्या क्रमांकावर घेतले. या जोडीच्या बचावाने फेब्रुवारी २०१४ मधील सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ४३-८ असे लोळवले. बाल्टिमोरने २००२ मध्ये २४ व्या क्रमांकावर घेतलेल्या एड रीडने कारकीर्दीत प्रतिस्पर्ध्यांचे ६४ पास हिरावले आणि २०१९ मध्ये तो ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाऊन बसला.

आकडा कसा फसवतो, याचे बोलके उदाहरण २०२२ च्या ड्राफ्टमध्ये मिळते. काईल हॅमिल्टनची गणना त्या वर्षीच्या अव्वल खेळाडूंत होत होती. परंतु ४० यार्डांच्या धावेला त्याने ४.५९ सेकंद घेतले आणि चर्चा सुरू झाली की, हा तर मंद आहे. अखेर बाल्टिमोरने त्याला १४ व्या क्रमांकावर घेतले. त्याच फेरीत मिनेसोटाने ३२ व्या क्रमांकावर घेतलेला लुईस सीन हेच अंतर ४.३७ सेकंदांत धावला होता. पुढे काय झाले? हॅमिल्टन दुसऱ्याच हंगामात, २०२३ मध्ये, लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. सीनचा पाय पहिल्याच हंगामात लंडनमधील सामन्यात मोडला आणि २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याला मुक्त केले. घड्याळाने दोघांचा वेग अचूक मोजला होता. हॅमिल्टनची चेंडू कुठे जाणार हे आधीच ओळखण्याची जाण मात्र घड्याळाच्या आवाक्याबाहेरची होती आणि सीनचे दुर्दैव तर कुणाच्याच.

यंत्राला न दिसणारे

आभासी लीगमध्ये दुखापतही असते. ‘सेफ्टी जायबंदी, सहा आठवडे बाहेर’ अशी एक ओळ पडद्यावर उमटते. मालक चडफडतो आणि राखीव खेळाडूचे नाव पुढे करतो. खऱ्या मैदानावर ही ओळ एवढी स्वस्त नसते. सेफ्टी दुरून वेगाने धावत येऊन समोरच्यावर आदळतो. त्या धडकांचा हिशेब पुष्कळदा निवृत्तीनंतर होतो. फिलाडेल्फियाचा माजी सेफ्टी आंद्रे वॉटर्स याने २००६ मध्ये, तर शिकागोचा माजी सेफ्टी डेव्ह ड्युअरसन याने २०११ मध्ये आयुष्य संपवले. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे ड्युअरसन लिहून गेला होता. डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांतून उद्भवणारा ‘सीटीई’ हा विकार त्याच्या मेंदूत आढळला. आभासी लीगमध्ये निवृत्त खेळाडूचे नाव यादीतून निघून जाते आणि हिशेब तेथेच मिटतो.

बफेलोचा डमार हॅमलिन हाही सेफ्टीच. २०२१ मध्ये सहाव्या फेरीत, २१२ व्या क्रमांकावर निवडलेला. कोणत्याही मालकाने ज्याच्याकडे ढुंकून पाहिले नसते, असा तो क्रमांक. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत एका टॅकलनंतर तो उठला, दोन पावले चालला आणि कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानावरच त्याला जीवदान देण्यात आले. सामना थांबवण्यात आला आणि तो पुन्हा खेळवलाच गेला नाही. त्या रात्री त्याचा क्रमांक, वेग किंवा गुणांक कुणी विचारला नाही. पुढच्याच हंगामात हॅमलिन मैदानावर परतला.

म्हणून आभासी लीग टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. एका चुकीच्या आकड्यावर भुलून पहिली फेरी वाया घालवलेला मालक पुढच्या खेपेस आकड्याकडे अधिक सावधपणे पाहतो. प्रत्येक अंदाजात चूक दडलेली असते, हा धडा त्याला येथे फुकटात मिळतो. खऱ्या व्यवस्थापकाला तो फार महागात पडतो. परीक्षेच्या टक्क्यांवरून मुलांची आणि नोकरीच्या अर्जावरून माणसांची किंमत करणाऱ्या आपल्या समाजानेही हा धडा गिरवायला हरकत नाही.