या ना, बसा ना... पण कुठे?

शू-रॅक, नेमप्लेट, तोरण आणि एक कुंडी... दारासमोरची जागा सजवायची म्हणजे एवढंच? गोडदेवच्या गावठाणातल्या ओट्या मात्र वेगळंच काहीतरी सांगतात!

सीन पहिला : भाईंदर पूर्वेला गोडदेव नाक्याजवळची एक सोसायटी. तिसरा मजला, संध्याकाळचे साडेसात. बेल वाजते. लाकडी दार उघडतं, सेफ्टी डोअर बंदच. "या ना आत!" "नको नको, दोनच मिनिटं, चपला नाही काढत..." दोनाची वीस मिनिटं होतात. एक जाळीच्या आत, दुसरी बाहेर. एकीच्या हातात लाटणं, दुसरीच्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग. दोघींचेही पाय दुखताहेत. पण बसणार कुठे?

सीन दुसरा : तिथून चालत पाच-सात मिनिटांवर गोडदेवचं गावठाण. अजून टिकून असलेलं एक बैठं घर, समोर ओटी. कोपऱ्यात मावशी वालाच्या शेंगा सोलतेय, नातू गृहपाठ करतोय (म्हणजे तसं दाखवतोय!) आणि कुरियरवाला पाणी पिऊन क्षणभर टेकलाय. 'आत या' असं त्याला कुणी म्हटलेलं नाही. गरजच नाही. तो आलाय, बसलाय आणि तरीही घरात शिरलेला नाही!

पहिल्या सीनमधली लॅपटॉपवाली मीच. आणि या दोन सीनमधला फरक मला कळला तो एका प्लॅस्टिकच्या खुर्चीमुळे.

खुर्ची गेली कुठे?

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात. मूळच्या गोडदेवच्याच, आगरी. एकेकाळी भाईंदर म्हणजे खाडी, मिठागरं आणि भातशेती. 1985 साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका, आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत गेल्या. आजींचं कौलारू घरही बिल्डिंगमध्ये गेलं. बदल्यात फ्लॅट मिळाला. टाइल्स, लिफ्ट, चोवीस तास पाणी, सगळं छान. फक्त ओटी नाही.

त्यावर आजींनी स्वतःच उपाय काढला. दाराबाहेर पॅसेजमध्ये लाल प्लॅस्टिकची खुर्ची! रोज पाच ते आठ आजी तिथे. माझं पार्सल घेऊन ठेवायचं, कुणाच्या पोराला किल्ली द्यायची, लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्याला "आज उशीर झाला गो?" असं विचारायचं. आमच्या मजल्यावर सीसीटीव्ही नव्हता. लागतच नव्हता!

मग गेल्या वर्षी नोटीस आली. पॅसेजमधले शू-रॅक, कुंड्या, सायकली, खुर्च्या आठ दिवसांत हलवा. माझा शू-रॅक गेला, मी चिडले. आजींची खुर्ची गेली, त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसतं त्यांचं दार बंद राहायला लागलं. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की, आजींशी बोलून आपल्याला महिना झाला.

पॅसेज कुणाचा?

सोसायटीशी भांडायचं म्हणून मी नियम वाचायला बसले आणि गपचूप उठले. कारण नोटीस बरोबर होती.

फ्लॅटच्या दाराबाहेरचा पॅसेज आपल्या मालकीचा नसतो. तो जिना आणि लिफ्टसारखा सगळ्यांचा सामायिक असतो. शिवाय तोच सुटकेचा मार्ग. महाराष्ट्रात 2006 चा आगप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा सांभाळायची जबाबदारी मालकाची आणि तिथे राहणाऱ्यांचीही. बिल्डिंगला आग लागली की बऱ्याचदा ज्वाळांच्या आधी धूर येतो आणि दिवे जातात. माणसं अंधारात भिंत चाचपत जिन्याकडे निघतात. नेमक्या त्याच भिंतीला आपला शू-रॅक टेकलेला असतो! पॅसेजला हौसेने लावलेलं पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग आणि प्लायवूडचं पॅनेलिंग तर आगीला खाऊ आणि वर विषारी धूर.

म्हणजे बाहेर बसायचं नाही. आणि आत आलं की थेट सोफा, टीव्ही आणि घरातल्यांचा पसारा. मधलं काही नाहीच! हे 'मधलं' पूर्वी कसं जमवत होते, ते बघायला मी पुन्हा गावठाणात गेले.

ओटीचं साधं गणित

कोकणपट्टीतलं जुनं घर बघा. अंगणातून वर आलं की पडवी, मग ओटी, मग माजघर. घराघरात थोडा फरक असतो, पण क्रम साधारण हाच. पडवीत ओल्या छत्र्या, चपला, लाकडं. ओटीवर माणसं. माजघरात फक्त घरचे. कुणी कुठवर यायचं, हे पाटी न लावता सगळ्यांना ठाऊक.

जोतं दीड-दोन फूट उंच, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. आणि गंमत म्हणजे, हीच उंची साधारण खुर्चीचीही! ओटीच्या कडेला पाय सोडून बसलं की झालं, फर्निचर हवंय कुणाला? वर छप्पर पुढे ओढून खाली उतरवलेलं. नैर्ऋत्येकडून तिरपा येणारा पाऊस अडतो आणि दुपारचं ऊन भिंतीला लागत नाही, म्हणून आतली खोली गार.

ही अक्कल फक्त आपलीच नाही बरं का. गोव्यातल्या जुन्या घरांना बाल्कांव असतो. पायऱ्या चढलं की छपराखाली समोरासमोर दोन बांधीव बाकं, त्यांना म्हणतात सोपो. संध्याकाळी त्यावर बसून अख्ख्या वाड्याची खबर घ्यायची! जपानी घरात दाराशी गेनकान असतं. तिथली जमीन घरापेक्षा थोडी खाली. चपला तिथेच राहतात, आणि वरच्या कडेवर टेकून पाहुणा दोन शब्द बोलून जाऊ शकतो. आणि लांब कशाला, आपलं सीबीडी बेलापूर घ्या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात तिथे जी वसाहत उभारली, तिच्यात सात-सात घरं साधारण आठ मीटर लांबी-रुंदीच्या एका चौकाभोवती मांडली. घरातून एकदम रस्त्यावर नाही, आधी आपलं अंगण, मग शेजाऱ्यांचं, मग गाव.

थोडक्यात काय, तर एंट्रन्स म्हणजे फोटो काढायची भिंत नव्हे. आत न येताही ज्यात बसता येतं, अशी ती जागा! हे एकदा पटलं की बाकीच्या आयडियाज आपोआप सुचतात. चला तर मग...

ओटी आत घ्या!

हॉलमधली तीन बाय चार फुटांची जागा दाराच्या आत ओटीसाठी सोडा. 'एवढ्याशा वन बीएचकेमध्ये?' हो, एवढ्याशा वन बीएचकेमध्ये. नाहीतरी तिथे चपला, हेल्मेट आणि पार्सलची खोकी पडलेली असतातच. फक्त फरशी वेगळी करा. खरखरीत कोटा किंवा मॅट टाइल मस्त दिसते आणि ओल्या पायांनी घसरायला होत नाही. पायरी मात्र करू नका, लहान जागेत ठेच लागते.

बसायला बाक : जमिनीपासून 17-18 इंच उंच, 15-16 इंच खोल. त्याहून खाली बसलं की गुडघेदुखीवाल्यांना उठवत नाही. शेजारच्या भिंतीला धरायला एक दांडा लावा. बूट घालताना तुम्हालाही बरा पडेल! जागाच नसेल तर भिंतीत मिटणारी फळी बसवा. पण ती विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीतच, अँकर बोल्ट मारून. प्लायवूडच्या पार्टिशनवर लावाल तर पाहुणे आणि फळी दोन्ही खाली!

दार : सेफ्टी डोअरचा वरचा अर्धा भाग जाळीचा हवा. आणि 'वरचा' म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून वरचा, म्हणजे साधारण साडेतीन फुटांपासून. बऱ्याच तयार दारांमध्ये जाळी उभ्या माणसाच्या मापाने असते आणि बसलेल्याला नुसता पत्रा दिसतो. जाळीमुळे वारा खेळतो, पॅसेजमध्येही थोडा उजेड जातो. दार बाहेर उघडत असेल तर ते जिन्याची वाट किंवा शेजारचं दार अडवत नाही ना, तेवढं आधी बघा.

चपला : तिरप्या कप्प्यांचं उथळ कपाट सात-आठ इंचांत मावतं. नेहमीच्या रॅकला 12 इंच लागतात. कपाटाच्या दाराला भोकं किंवा फटी ठेवा. आणि पावसाळ्यात ओले बूट बंद कपाटात अजिबात टाकू नका, दोन दिवसांत बुरशी आणि अख्ख्या घराला वास!

छत्री : खाली ताटली असलेला स्टँड घ्या आणि ताटली रोज ओता. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम.

उजेड : पॅसेजसारखी पांढरीफटक ट्यूब नको. 2700 ते 3000 केल्व्हिनचा पिवळसर एलईडी घ्या. किल्ली शोधायची असेल तिथे तो पडला पाहिजे, पाहुण्याच्या डोळ्यांत नव्हे. रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी हालचाल टिपून लागणारा दिवा बेस्ट.

झाड : अंधाऱ्या कोपऱ्यात तुळस ठेवून तिचे हाल करू नका. तिला ऊन लागतं, तिची जागा खिडकीत. दाराशी मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट कमी उजेडात तग धरतात.

तोरण, रांगोळी, पाटी : हे खुशाल दारावर आणि भिंतीवर, पायात काहीच येत नाही. उंबरठ्याशी रांगोळी काढा, पण दिवाळीत पणत्या चपला आणि कागदी तोरणापासून लांब. वारली चित्र आवडत असेल तर छापील स्टिकर लावण्याआधी एवढं लक्षात असू द्या, की लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर बायकांनी चौक लिहायचा, ही त्याची मूळ जागा. पालघरकडच्या एखाद्या कलाकाराकडून काढून घेतलंत तर भिंतीला अर्थ येईल. आणि पाटीवर घरातल्या सगळ्यांची नावं येऊ द्या. आजीचंसुद्धा!

रो-हाऊस किंवा गावी घर असेल तर?

मग तुमची मजा आहे. दाराबाहेर खरीखुरी पडवी करा. छप्पर भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आलं तरच खाली माणसं बसू शकतात. दोन-अडीच फुटांच्या छज्जाखाली फक्त चपला वाचतात. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा दिसायला छान, पण उन्हाळ्यात खाली भट्टी होते. मंगलोरी कौलं वापरा. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात त्यांचा कारखाना काढला आणि ती कोकणभर पोचली. इतके पावसाळे काढलेल्या कौलांपेक्षा मोठी गॅरंटी कुणाची? छपराला भरपूर उतार द्या, म्हणजे पाणी रेंगाळत नाही. आणि जोत्याची कड बसण्याएवढी रुंद ठेवा. तिच्यावर ग्रील मारून ती बंद करू नका, एवढीच विनंती.

आणि आजी?

मी माझ्या हॉलमध्ये बाक केला, तेव्हा सुतार दोन दिवस खपत होता. आजींच्या सूनबाई बघायला आल्या. बसून बघितलं, उठून बघितलं, मापं लिहून घेतली. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडेही तोच सुतार! त्यांच्या बाकाची लांबी मात्र माझ्यापेक्षा जास्त. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आई एकट्या थोडंच बसणार आहेत?"

सेफ्टी डोअरही बदललं. आता पाच वाजले की लाकडी दार सताड उघडं आणि जाळीमागे आजी. पॅसेज रिकामा, कमिटी खूश. खुर्चीइतकं ते चांगलं नाही, हे मी कबूल करते. मधे जाळी आहे, आणि ओटीवर जसा वाटसरू स्वतःहून टेकतो, तसा इथे कुणी टेकत नाही. कडी आतून काढावी लागते.

परवा लिफ्ट बंद होती. पार्सलवाला मुलगा तीन मजले चढून धापा टाकत आला. मी त्याला ओटीपी सांगत होते, तेवढ्यात पलीकडे कडी वाजली.

"यं रे, बस जरा. पानी पी."

तो चपला काढायला लागला. आजी म्हणाल्या, "राहू दे, ही ओटी हाय."