वेंधळी नाही, आळशी नाही : नोकरी करणाऱ्या भगिनींमधील एडीएचडी

सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहिणारी असो, घरोघरी फिरणारी आशा ताई असो की रोज एसटीने धुळ्याला कामाला जाणारी मुलगी असो, काही भगिनींना एकच बोलणे सतत ऐकावे लागते : "तुझं लक्ष कुठे असतं?" बिलात आकडा चुकतो, नोंदवहीचा रकाना कोरा राहतो, एक काम अर्धे टाकून दुसरे हाती घेतले जाते. मग पगार कापला जातो, आणि घरी 'वेंधळी' हेच नाव पडते. यांतील काही जणींना एडीएचडी असू शकतो.

एडीएचडी म्हणजे काय?

ही मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था आहे. लक्ष टिकवणे, कामाचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज घेणे यात अडचण येते. बुद्धी कमी नसते. पुष्कळदा हे आनुवंशिक असते. आईच्या संगोपनाचा यात दोष नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आतच दिसू लागतात. मुलगा वर्गात धुडगूस घालतो म्हणून शिक्षकांच्या नजरेत येतो. मुलगी गप्प बसून आपल्याच विचारांत हरवते, म्हणून ती सुटून जाते. पुढे नोकरी, चूल आणि मुले यांचा भार एकदम आला की त्रास उघड होतो.

निदान कसे होते?

प्रत्येक विसराळू बाईला एडीएचडी नसतो. अंगात रक्त कमी असणे, थायरॉईड, अपुरी झोप, नैराश्य यांमुळेही लक्ष लागत नाही. ते आधी तपासावे. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ लहानपणापासूनची माहिती विचारून निदान करतात, म्हणून आई किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्या. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतून बोलता येते. गंडेदोरे आणि भगत यांत पैसा घालवू नका.

गरजेप्रमाणे डॉक्टर गोळ्या देतात. रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण किंवा बाळ अंगावर पीत असल्यास आधी सांगा. दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका.

कामावर काय करावे?

सांगितलेले काम तिथल्या तिथे एकाच वहीत लिहा, चिठ्ठ्या नकोत. मोठ्या कामाचे छोटे तुकडे करा आणि झालेल्यावर खूण करा. निघण्याच्या वेळेचा मोबाईलवर गजर लावा, तोही पंधरा मिनिटे आधीचा. पैसे मोजताना कोणी हाक मारली तर "एवढं संपवते, मग बोलते" असे म्हणायला संकोच करू नका. हिशेब दिवसाअखेरीस सोबतिणीकडून तपासून घ्या.

मालकाला आजाराचे नाव सांगायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे. "साहेब, काम लिहून दिलंत तर चूक होणार नाही," एवढे सांगूनही बरेच भागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी सेवेत उपचार मिळणे आणि आपली माहिती गुप्त राहणे हा तुमचा हक्क आहे.

घरच्यांनीही एक करावे. सकाळचा डबा, पाणी, मुलांची तयारी वाटून घ्यावी. ही कामे एकटीची नाहीत. शिकून, धडपडून मिळवलेली नोकरी एका न ओळखलेल्या त्रासापायी सुटू देऊ नका.