संगणकभाषा आणि तिची पुनर्रचना

संगणकभाषा आणि ती भाषा चालविणारी आज्ञावली ह्या दोन भिन्न वस्तू होत. व्याकरण आणि व्याकरणाचा ग्रंथ जितके भिन्न, तितक्याच. मुक्त परवाना दिला जातो तो ग्रंथाला. परंतु ग्रंथाला हात न लावता, त्याच भाषेसाठी दुसऱ्या कोणी मुळापासून नवी आज्ञावली लिहिली तर? 'जावा' ह्या भाषेच्या बाबतीत ह्या प्रश्नाने अमेरिकेतील न्यायालयांची सुमारे अकरा वर्षे घेतली.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ साली जावाच्या आज्ञावल्या मुक्त परवान्याखाली आणण्याची घोषणा केली. २०१० साली ती संस्था ओरॅकलने विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगलवर दावा लावला. गूगलने अँड्रॉइडसाठी ३७ संचांतील घोषणांच्या सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या होत्या. प्रत्यक्ष कार्य करणारा भाग मात्र ओरॅकलचा नव्हता. घोषणा म्हणजे काय? दोन संख्यांतील मोठी संख्या देणाऱ्या क्रियेचे नाव 'मॅक्स' आहे आणि तिला दोन संख्या द्यावयाच्या आहेत, एवढेच घोषणा सांगते. मोठी संख्या कशी शोधावी, हे त्यामागची आज्ञावली ठरविते. ते नाव बदलले, तर जावा शिकलेल्याने लिहिलेले वाक्य नव्या यंत्रणेला कळणारच नाही.

२०१४ साली अपील न्यायालयाने ह्या घोषणांना स्वामित्वहक्काचे संरक्षण दिले. सनपुढे नावांचे व रचनेचे अनेक पर्याय होते, म्हणून ही निवड सर्जनशील, असा त्या युक्तिवादाचा एक आधार होता. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला तो खटकल्याशिवाय राहणार नाही. शब्द आणि अर्थ ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो, पर्याय नेहमीच असतात. हाच निकष लावला तर कोणताही शब्दसंग्रह कोणाच्या तरी मालकीचा ठरेल. (ही भीती केवळ काल्पनिक नाही. 'लॉगलॅन' ह्या कृत्रिम भाषेच्या शब्दांवर तिच्या निर्मात्याने हक्क सांगितल्यामुळे, तिच्यातून फुटून निघालेल्या 'लोजबान'च्या कर्त्यांना मूळ शब्द नव्याने घडवावे लागले.) संकेत एकदा रूढ झाला की तो बदलण्याचे स्वातंत्र्य मूळ निर्मात्यालाही फारसे उरत नाही, हे त्या निर्णयात पुरेसे लक्षात घेतलेले दिसत नाही.

युरोपीय न्यायालयाने २०१२ साली 'सॅस'च्या खटल्यात संगणकभाषा ही स्वामित्वहक्काने रक्षिलेली अभिव्यक्ती नव्हे, असे सांगितले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. परंतु घोषणांवर हक्क असू शकतो की नाही, हा प्रश्न न सोडविता, तो असल्याचे गृहीत धरून गूगलचा वापर न्याय्य ठरविला. न्याय्य वापर हा बचाव आहे, आणि तो प्रत्येक प्रकरणात त्या त्या वस्तुस्थितीवरून सिद्ध करावा लागतो.