खानापूर: दोन नद्यांच्या तालुक्याचे एक तप

बेळगाव जिल्ह्याच्या नैऋत्येला, सह्याद्रीच्या माथ्यावर खानापूर तालुका आहे. पश्चिमेला गोव्याची हद्द, दक्षिणेला उत्तर कन्नड. कणकुंबी, जांबोटी, आमगाव हा दाट रानाचा आणि मुसळधार पावसाचा पट्टा. पूर्वेला नंदगड, बिडीकडे पाऊस ओसरतो, माळ उघडा पडतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वळून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. देगावच्या रानातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होते.

खानापूर हे मलप्रभेकाठचे गाव. कौले, विटा आणि कुंभारकामासाठी इथली माती नावाजली गेली. घरांवर स्लॅब आणि पत्रे आले तशी कौलांची मागणी घटली. नंदगड ही जुनी बाजारपेठ. तिच्याजवळच 1831 साली इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली गेली. हलशी ही कदंब राजांची पलाशिका. बेळगावहून येणारा लोहमार्ग लोंढ्याला हुबळी-गोवा मार्गाला मिळतो.

1956 साली हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. 1967 च्या अहवालात सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. बेळगाव वगळले गेल्याने महाराष्ट्राला तो अहवाल मान्य झाला नाही आणि शिफारस कागदावरच राहिली. 2004 पासून हा सीमावाद सर्वोच्च न्यायालयात आहे.

तालुक्याचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते 2006 ते 2018 या एका तपात. कणकुंबीला म्हादईच्या खोऱ्यातील कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्याचे काम सुरू झाले. देवळाच्या परिसरात डोंगर खोदून खोल चर काढला गेला. लाल मातीचे ढिगारे रस्त्याकडेला साचले. गोव्याने हरकत घेतली, 2010 मध्ये लवाद नेमला गेला. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले. शिवकालीन किल्ला, बारापेडे गुहांतील दुर्मीळ वटवाघळे आणि सुमारे 190 चौरस किलोमीटर रान यांना संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. पण त्याच रानातल्या गवाळी, पास्टोली, कोंगळा या गावांच्या रस्त्या-पुलांना वनकायद्याची अट पडली. 2015 मध्ये मलप्रभेच्या खालच्या खोऱ्यातील नरगुंद, नवलगुंदचे शेतकरी या पाण्यासाठी रस्त्यावर उतरले. त्यांची तहान खरी होती. ऑगस्ट 2018 मध्ये लवादाचा निवाडा आला: कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले 3.9 टीएमसी कळसा आणि भंडुरा या दोन नाल्यांतून वळवण्यासाठी. पक्षकार तीन राज्ये होती. ज्या डोंगरावर हे पाणी पडते, तिथल्या गावांना त्यात जागा नव्हती.

आज धारवाड-हुबळीला मलप्रभेचे पाणी मिळते, पणजीच्या दारातून मांडवी वाहते. उगमाजवळच्या वाड्यांवर मात्र ओढ्यांना पूर आला की वाट बंद होते आणि आजाऱ्याला खांद्यावरून मैलोनमैल न्यावे लागते. 2025 मध्ये भीमगडच्या रानातल्या तळेवाडीच्या कुटुंबांनी भरपाई घेऊन रान सोडायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या राखलेली जमीन माणसे हौसेने सोडत नाहीत. रस्ता, दवाखाना, शाळा पोचली नाही म्हणून सोडतात. पाणी वाटताना टीएमसीचे आकडे दशांशापर्यंत मोजले गेले. पुढच्या वाटपाआधी या वाड्यांवरच्या साकवांचा हिशेब व्हायला हवा.