देव्हाऱ्यातला स्फटिक

आमच्या एडिसनच्या घरी देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी पेरूएवढा एक पारदर्शक खडा आहे. सिन्नरजवळच्या आमच्या गावी आजोबांनी विहीर खणली, तेव्हा काळ्या खडकातून तो निघाला. आईने तो जपला आणि आम्ही इकडे आलो तेव्हा माझ्या बॅगेत घातला. घरात सगळे त्याला ‘स्फटिक’ म्हणतात. श्रावणात त्याच्यावर अभिषेकही होतो.

यंदा पाचवीतली लेक शाळेच्या सहलीत ऑग्डेन्सबर्गची स्टर्लिंग हिल खाण पाहून आली. जस्ताची ही खाण १९८६ साली बंद पडली. आता तिथे संग्रहालय आहे. अतिनील प्रकाशात हिरवे-केशरी उजळणारे दगड पाहून तिच्या अंगात भूशास्त्रच संचारलं. आल्या आल्या देव्हाऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, “बाबा, हा क्वार्ट्झ नाहीये.”

स्फटिक म्हणजे क्वार्ट्झच. आपली साधी गारगोटीही तीच. आईला हे कसं सांगायचं, हा माझा पहिला विचार. दुसरा विचार, हिला कळलं कसं?

खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक घडण असलेला घन पदार्थ, ज्यातले अणू शिस्तीने रचलेले असतात. (या हिशेबाने आपल्या अंगणातला जानेवारीतला बर्फही खनिज!) ती आतली शिस्तच बाहेरच्या आकारात उतरते. क्वार्ट्झला सहा बाजू असतात आणि त्यांवर आडव्या बारीक रेघा. आमच्या खड्याला बाजू चार, रेघा उभ्या आणि माथ्यावर मोत्यासारखी झाक.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नये, असं लेकीने बजावलं. खनिज बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीवर घासून रेघेचा रंग पाहतात. सोन्याची रेघ पिवळी. सोन्यासारख्याच चमकणाऱ्या पायराइटची हिरवट काळी. आमच्या बाबतीत ही युक्ती निकामी, कारण दोन्ही उमेदवारांची रेघ पांढरीच.

मग काठिण्य. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली दहा पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली संगजिरे, वर हिरा; क्वार्ट्झ सातवा. काच आणि चाकूचं पोलाद साडेपाचाच्या आसपास. म्हणजे क्वार्ट्झने काचेवर ओरखडा पडलाच पाहिजे. देवाचा खडा घासायला मी साफ नकार दिला. पण बॅगेतल्या धक्क्यांनी सुटलेली एक कपची डबीत होती. ती कपचीसुद्धा पापुद्र्यासारखी सपाट निघालेली. क्वार्ट्झ असा कधी फुटत नाही. काचेवर घासली, काही नाही. उलट चाकूने तिच्यावरच चरा उमटला. व्हिनेगरमध्ये टाकली तर बुडबुडे नाहीत, म्हणजे कॅल्साइटही नव्हे.

ॲपोफिलाइट! पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका आणि पाणी. तापवलं की पाणी निघून जातं आणि पापुद्रे सुटतात, म्हणून हे ग्रीक नाव. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. त्यात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे खनिजांनी भरलेलं पाणी झिरपलं आणि असे खडे तयार झाले. नाशिक, जळगाव, पुण्याचे हे खडे जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट तर संग्राहकांचा जीव की प्राण.

वर्गीकरणाची गंमत वेगळीच. खनिजाचं घराणं धातूवरून ठरत नाही, त्याच्या जोडीदारावरून ठरतं. पायराइट आणि हेमेटाइट, दोघांतही लोह. पण एक गंधकामुळे सल्फाइडांत जातं, दुसरं ऑक्साइडांत. मीठ हॅलाइडांत, कॅल्साइट कार्बोनेटांत. ॲपोफिलाइट सिलिकेटांच्या अफाट गोतावळ्यात.

शेवटी आईला फोन लावला. लेकीनेच सांगून टाकलं, “आजी, तो स्फटिक नाहीये.”

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, “अगं, तसले टोपलीभर निघाले होते. बाकीचे बांधावर टाकले.”

लेक किंचाळलीच. नमुना कुठून आला याची चिठ्ठी नसेल तर संग्राहकाच्या लेखी त्याचं मोल उतरतं, असं तिने आजीला समजावलं. मग व्हिडिओ कॉलवर अर्धा तास चौकशी चालली : कुठला मळा, विहिरीची कुठली बाजू, किती खोल. आईला सगळं आठवत होतं. सोळा हातांवर पाणी लागलं, त्याच्या आदल्या दिवशी सुरुंगात हा निघाला. आजोबांनी तो धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला.

ती चिठ्ठी आता देव्हाऱ्यात खड्याखाली आहे. खाली लिहिलंय, ‘माहिती : आजी’. अभिषेकाच्या वेळी तेवढी बाजूला काढून ठेवावी लागते.